रुबार्बला पाणी कसे द्यावे

ब्रिटनसारख्या थंड हवेच्या देशात परसबागेत रुबार्ब (जाड, आंबट देठांसाठी लावली जाणारी बहुवर्षायू भाजी) लावणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी की, या झाडाच्या रुंद पानांना उन्हाळ्यात भरपूर पाणी लागते, परंतु जमिनीलगतचा त्याचा गड्डा साचलेल्या पाण्यात कुजतो. म्हणूनच रोज वरवर शिंपडण्यापेक्षा, पाऊस नसलेल्या आठवड्यात एकदा किंवा दोनदा, दर चौरस मीटरला एकूण सुमारे २५ लिटर पाणी बुंध्याभोवती सावकाश सोडावे, म्हणजे ते खोलवरच्या मुळांपर्यंत मुरते. त्यासाठी सकाळची वेळ मला सर्वांत योग्य वाटते. त्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे आणि ओल लागली तर थांबावे. दुपारच्या उन्हात पाने मलूल झाली तरी घाई करू नये. संध्याकाळी ती सावरली तर मुळांशी ओल आहे असे समजावे, मात्र सकाळीही ती मान टाकून असतील आणि माती कोरडी असेल, तर लगेच भरपूर पाणी द्यावे. पहिल्या वर्षीच्या रोपाला याबाबत अधिक जपावे. चांगल्या कुजलेल्या शेणखताचा जाड थर सभोवती पसरावा, पण गड्ड्यावरचे कोंब उघडेच ठेवावेत. पाण्याचा ताण पडला की देठ बारीक राहतात आणि झाड फुलोऱ्यावर येऊ शकते. फुलांचा दांडा दिसताच तळाशी कापून टाकावा. शरद ऋतूत पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत आणावे.