झडप बदललेलं माणूस घरी येण्याआधी

आक्काच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा ती माहेरी, औसा तालुक्यातल्या आमच्या घरी राहायला येणार होती. दवाखान्यातून सुट्टी मिळायला चार दिवस होते आणि आम्ही फळं काय आणायची यावर बोलत बसलो होतो. फळं गावात मिळतात. तयारी करायची असते ती घराची.

आधी झोपायची जागा बघा. सुतळीची बाज नको, ती मध्ये खोल जाते आणि उठताना दोन्ही हातांवर भार येतो. छातीचं मधलं हाड कापून तारेनं शिवलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना बारा. गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग हवा. खोकला आला की छातीशी धरायला एक घट्ट उशी उशाशी ठेवा. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणा. कुंथायला लागू नये म्हणून पोट साफ होण्याचं औषध लिहून घ्या. हे विचारायला सगळे लाजतात.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड. बाई आजारी असेल तर तिची कामं कुणाकुणाकडं जाणार हे ती घरी यायच्या आधी ठरवा. हापसा बंद. भरलेली घागर बंद, कारण दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही आणि घागरीत दहा-बारा लिटर सहज मावतं. धुणं पिळणं बंद. भाकरीचं पीठ मळणंही बंद, हे आमच्या मायला पटायला आठवडा लागला. "बसल्या बसल्या दोन भाकरी थापल्या तर काय होतं?" थापताना जोर छातीतूनच येतो, माय. स्कूटीसुद्धा डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची असेल तर बहुधा काही महिनेच, पण ते डॉक्टर ठरवतात. गोळी रोज एकाच वेळेला. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, तो किती हवा तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. महाधमनीच्या धातूच्या झडपेला साधारण २ ते ३, मायट्रलला (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) २.५ ते ३.५ असतो, पण आपल्या माणसाचा आकडा आपल्या फाईलमधलाच खरा. तपासणीच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. औशाला होते का, लातूरलाच जावं लागतं, हे आधीच विचारा.

पालेभाज्या सोडायच्या नाहीत, पण प्रमाण रोज सारखं ठेवायचं. मेथी, शेपू, करडईची भाजी यांतल्या व्हिटॅमिन के मुळं गोळीचा जोर कमी होतो. वेळ अमावस्येला पालेभाज्या घातलेली भज्जी ताटात येणारच. त्या दिवशी थोडी खाऊ द्या. उरलेली भज्जी चार दिवस गरम करून खाणं मात्र नको.

अंग दुखलं म्हणून गावातल्या डॉक्टरकडून कमरेत सुई घेऊ नका, रक्त पातळ असल्यानं आत रक्तस्राव होऊन साकळतं. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी, कुणी दिलेलं चूर्ण, काढा, काहीच विचारल्याशिवाय नको. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप खराब झाली असेल आणि दर २१ दिवसांनी घ्यायची पेनिसिलिनची सुई चालू असेल, तर तिचं पुढं काय, हे सुट्टीच्या दिवशीच विचारा. दात काढायचा झाला तर दातांच्या डॉक्टरला झडपेचं आधी सांगा, अँटिबायोटिक आधी घ्यावं लागतं. बाई मूल होण्याच्या वयाची असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण रक्त पातळ ठेवायची गोळी गर्भाला बाधते. हे नवऱ्याच्याही कानावर घाला.

थर्मामीटर आणि वजनकाटा विकत आणा. ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून पू आला, छातीचं हाड खट्ट वाजलं, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढलं, तर त्याच दिवशी फोन. तापावर घरातली अँटिबायोटिक देऊ नका, त्यामुळं पुढं रक्तातले जंतू सापडत नाहीत. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात लुळा पडला, तर फोनवर बोलत बसू नका, १०८ बोलवा. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रात्री ऐकू येतो. भाचा दोन दिवस घड्याळ शोधत होता. रोजचा आवाज एकाएकी बंद झाला तर मात्र तडक दवाखाना गाठा.

भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या ओट्यावर मांडा आणि बिडी तिथंही नको म्हणून सांगा. चूल घराच्या मागं न्या. आक्का दुसऱ्या आठवड्यात काहीच कारण नसताना रडायची, रात्री झोपायची नाही. असं पुष्कळांना होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लांबलं तर डॉक्टरांना सांगा. तोवर सकाळी ऊन चढायच्या आत कुणीतरी सोबत चाला. आमचा पहिला टप्पा ओट्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत होता.