घर भाड्याने देताय? या चुका टाळा

जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, दोन-चार खोल्या भाड्याने देणारे घरमालक एकच गोष्ट ठासून सांगतात: "अकरा महिन्यांचाच करार आहे, त्याला कुठे रजिस्ट्रेशन लागतं?" लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला की भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे तुम्ही सिद्ध करत बसायचं.

भुसावळला हे नेहमीचंच. रेल्वेतल्या भाडेकरूची बदली होते आणि तो खोलीत मेव्हण्याला ठेवून जातो. नोटरीचा कागद जुन्या नावाचा, मुदत संपलेली, भाडं रोख, पावती एकही नाही. पाच हजारांच्या जागी मेव्हणा दोन हजार टेकवतो आणि "एवढंच ठरलं होतं" म्हणतो. चिडून घरमालक पाणी तोडतो. कलम २९ प्रमाणे तेही करता येत नाही, म्हणजे आता अडकला तो घरमालकच.

हे सगळं किती पैशांसाठी? भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी तेवढ्याच महिन्यांचं धरलेलं व्याज २,७५०. एकूण ९०,७५०, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोन-तीनशे रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी नुसत्या नोटरीच्या कागदावर भागवणं मला कधीच पटलेलं नाही. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार) असेल आणि मुदत संपूनही जागा सुटली नाही, तर कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. भाडं खात्यावरच घ्या. चावी देताना वीजमीटरचं रीडिंग, नळ, फरशी, दारामागची भिंत यांचे फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा. डिपॉझिटची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता कूलर. मार्च सरला की प्रत्येक खिडकीला लोखंडी अँगलवर पत्र्याचा कूलर चढतो, आणि तो लावला जातो दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर. पंपाची वायर पाण्यात कुजते, करंट बॉडीत उतरतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं पोर त्याला हात लावतं. "माझ्या घरात अर्थिंग आहे" एवढं म्हणून भागत नाही. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगची तार पुरलेला खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खिडकीजवळ तीन पिनांचा पक्का पॉइंट काढून द्या. बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा; फक्त जादा लोड किंवा शॉर्टसर्किटला पडणारा साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळाभर खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा कसं दाबायचं ते भाडेकरूला समोर उभं करून दाखवा.