खोल कीलची बोट खाडीतून काढताना या चुका टाळा

"नाश्ता करून निवांत निघू" असं कोणी म्हणालं की त्या बोटीवर मी पाय ठेवत नाही. बेलापूर-नेरूळहून मांडव्याला कधी निघायचं ते भरती ठरवते, तुमचे पोहे नाहीत. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली असलेला भाग, २ मीटर, वाटेतल्या उथळ जागेवर चार्ट, म्हणजे सागरी नकाशा, अगदी खालच्या ओहोटीला ०.६ मीटर पाणी दाखवतो आणि कीलखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखाली, अर्धा मीटर तरी मोकळा हवा. म्हणजे तिथे पोचाल तेव्हा भरतीचं पाणी १.९ मीटर पाहिजे. ही बेरीज निघायच्या आधी, कागदावर.

एका नव्या मालकाने पौर्णिमेला ही बेरीज टाळली. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सहाला. हा दीडला निघाला. "पाणी भरपूर दिसतंय की!" दिसणारच. ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण उताराचा जेमतेम बारावा हिस्सा उतरतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र पाव-पाव. तीनला कील गाळात. सहाला बोट कुशीवर आणि कपाटातली भांडी केबिनभर. सुटली ती रात्री साडेनऊला. तरी नशीब, उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या) ऐन भरतीला रुतला असता तर पुढच्या भरत्या लहान होत जातात, मग भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, उलटून पुढचं उधाण येईपर्यंत पंधरवडाभर चिखलात.

मी उथळ जागा चढत्या पाण्यातच ओलांडतो. टेकली तरी पाणीच उचलतं. भरतीच्या वेळेसाठी कोळ्यांचा हिशोब पाठ करा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा वाजता. उंचीसाठी मात्र कोष्टक उघडाच. आणि कोष्टक मुंबईच्या अपोलो बंदरचं असेल, तर खाडीत आत भरती उशिरा पोचते.

दुसरी चूक इको साउंडरवर, म्हणजे खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, आंधळा विश्वास. तो आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून, सेन्सरपासून की कीलखालून? जुनी बोट घेणारे हे विचारतच नाहीत. जेट्टीला उभं असताना दोरीला वजन बांधून खोली मोजा आणि पडद्याशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम, पण मोबाईलवाल्यांना त्याचाही कंटाळा.

वाशीच्या पुलांखालून ठाण्याकडे जायचा बेत असेल तर आधी डोलकाठीची उंची बघा. तिथे भरतीच आड येते, पाणी चढलं की पुलाखालची मोकळी जागा कमी होते. मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट अंधारात दिसत नाहीत. पावसाळ्यानंतर गाळ सरकतो, गेल्या वर्षीचा मार्ग डोळे झाकून धरू नका.

रुतलातच तर इंजिन रेटू नका, थंड करायच्या पाण्याबरोबर चिखल आत ओढला जातो. माणसं एका बाजूला घ्या, बोट कलू द्या, म्हणजे ड्राफ्ट कमी होतो. पाणी उतरतं असेल आणि दोन-चार मिनिटांत सुटली नाही, तर नांगर खोल पाण्याकडे टाका आणि चहा ठेवा.