चीनच्या खेड्यापाड्यांत ग्रुपने फिरताय? या चुका टाळा

पाठीवर सॅक टाकून चीनचा ग्रामीण भाग पाहायचा, तर युन्नान प्रांतातला कुनमिंग–लिजियांग–टायगर लीपिंग गॉर्ज–शांग्री-ला हा मार्ग सगळ्यांत सोयीचा. गॉर्जची (नदीच्या खोल दरीची) वरची पायवाट साधारण 22 किलोमीटरची, दोन दिवसांची. सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्याला ती जड जात नाही. ग्रुप अडकतात ते स्टेशनच्या गेटवर, टपरीच्या गल्ल्यावर आणि मुक्कामाच्या दारात. ‘लीडर बघेल सगळं’ ही आपली सवय तिथे नडते, कारण तिकीट असो की पोलिसांकडची नोंद, चीनमध्ये सगळं माणशी, ज्याच्या त्याच्या पासपोर्टवर चालतं.

सगळा खर्च एकाच्या फोनवर

गावातल्या नूडल्सवालीकडेही क्यूआर कोड असतो. त्यासाठी अलीपे किंवा वीचॅट पे हे पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप लागतं आणि दोन्हींना व्हिसा किंवा मास्टरकार्डचं परदेशी कार्ड जोडता येतं. मात्र 200 युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर परदेशी कार्डाला 3 टक्के शुल्क पडतं. सहा जणांच्या जेवणाचं 300 युआनचं बिल एकाने भरलं की शुल्क लागलं. तेच दोघांनी निम्मंनिम्मं भरलं तर नाही.

कार्ड भारतात असतानाच जोडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून त्या सिमचं रोमिंग चालू हवं. पैसे जात नसतील तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’ व्यवहार सुरू आहेत का ते बघा, मग मर्यादा तपासा, मग दुसरं अ‍ॅप. तरीही माणशी 400-500 युआन रोख ठेवाच, त्याही 10 आणि 20च्या नोटा. शंभराचे सुटे खेड्यात सहज मिळत नाहीत.

तिकिटावर अर्धंच नाव

रेल्वेची तिकिटं 12306 या सरकारी अ‍ॅपवर 15 दिवस आधी खुली होतात. आपल्याकडे पासपोर्टवर बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि बुकिंग करणारा मित्र घाईत तेवढंच गाळतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. नंबरातला एक आकडा चुकला तरी गेटवर अडवतील. यादी तोंडी सांगून करू नका, प्रत्येकाच्या पासपोर्टचा फोटो समोर ठेवा.

आपला पासपोर्ट स्वयंचलित गेटवर चालला नाही, तर कडेच्या कर्मचारी असलेल्या रांगेत जायचं. बॅगांचं स्कॅनिंगही असतं आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं. तासभर आधी पोचा. स्टेशनचं पूर्ण नावही वाचा. कुनमिंग आणि कुनमिंग साउथ ही एकमेकांपासून लांब असलेली वेगवेगळी स्टेशनं आहेत.

स्टोव्ह, सुरी आणि पॉवर बँक

गॅसचा डबा रेल्वेत नेताच येत नाही आणि सुरी स्कॅनिंगला काढून घेतात. या वाटेवर स्टोव्हची गरजही नाही, मुक्कामाच्या खानावळी ठरावीक अंतराने आहेत आणि उकळतं पाणी सगळीकडे मिळतं. एक थर्मास पुरे. नळाचं पाणी मात्र पिऊ नका. देशांतर्गत विमानप्रवास असेल तर पॉवर बँकेवर चीनच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची ‘थ्री-सी’ खूण हवी. 28 जून 2025पासून ती नसलेली पॉवर बँक विमानात नेऊ देत नाहीत.

जीपीएस ट्रॅक चुकीच्या नकाशावर

ही चूक सराईत ट्रेकरही करतात. चिनी नकाशे कायद्याने मुद्दाम सरकवलेले अक्षांश-रेखांश वापरतात. नेटवरून घेतलेला ट्रॅक, म्हणजे वाटेची जीपीएस नोंद, जागतिक पद्धतीचा असतो, त्यामुळे दोघांत शंभर ते सातशे मीटरपर्यंत फरक पडतो. शहरात एखादी गल्ली चुकते. गॉर्जमध्ये मात्र पाचशे मीटर म्हणजे वाट थेट दरीतल्या चिन्शा नदीच्या पलीकडे दिसू लागते.

पायवाटेसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन अ‍ॅप वापरा आणि रस्ते, बस, टॅक्सीसाठी चिनी अ‍ॅप ‘गाओदे’. एकातले आकडे दुसऱ्यात टाकू नका. पडताळा सोपा आहे: स्टेशनच्या दारात उभं राहून निळा ठिपका दारातच पडतो का ते बघा. ऑफलाइन नकाशा प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, नाहीतर ग्रुप फुटला की मागचे आंधळे.

व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल स्थानिक वायफायवर बंद असतात. परदेशी रोमिंग किंवा ट्रॅव्हल ई-सिमवर सहसा चालतात, कारण डेटा चीनबाहेरून फिरून येतो. खोलीवर पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅप अचानक गप्प झालं, तर आधी वायफाय बंद करून बघा.

मुक्कामाची नोंद न करणं

परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद 24 तासांत व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. गावात कुणाच्या घरी उतरलात तर यजमानासोबत जवळच्या पोलिस ठाण्यात जावं लागतं, आणि मुक्काम बदलला की नोंद पुन्हा. खोली ठरवतानाच ‘परदेशी पासपोर्टची नोंद होते का’ हे विचारा. रात्री नऊला सहा जणांनी नवी जागा शोधणं फार वाईट.

थेट शांग्री-ला गाठणं

कुनमिंग सुमारे 1,900 मीटरवर, लिजियांग 2,400, शांग्री-ला 3,200च्या वर. नोव्हेंबर 2023मध्ये लिजियांग–शांग्री-ला रेल्वे सुरू झाली आणि ही शेवटची चढण दीड तासाच्या आत होऊ लागली. शरीर तेवढं भराभर जुळवून घेत नाही. आधी लिजियांगला राहा, मग गॉर्ज करा, मग वर जा. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली तर त्या दिवशी आणखी उंची गाठू नका. त्रास वाढत गेला तर परतीच्या गाडीने लिजियांगला उतरा, आणि आजारी पडलेल्यासोबत एकाने तरी जायचं हे निघण्याआधीच ठरवा.

शाकाहाऱ्यांनी ‘मांस नाही, डुकराची चरबी नाही, मांसाचा रस्सा नाही, मासे नाहीत, अंडं चालेल’ असं चिनीत छापलेलं कार्ड खिशात ठेवावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजी चरबीतच परतून येते.

1 ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा टाळा. जुलै-ऑगस्टही, कारण तेव्हा गॉर्जमध्ये दरडी कोसळतात.

आणि ग्रुप सहाचा ठेवा. गावाकडच्या सात आसनी व्हॅनमध्ये ड्रायव्हर सोडून तेवढेच बसतात. सातवा आला की दुसरी गाडी करावी लागते आणि खर्च जवळपास दुप्पट होतो.