बँकेने चाळीस लाख देऊ केले म्हणून मी चाळीस लाख घेतले

नोकरीला दोन-चार वर्षं झालीयत आणि आता घरून "पुढचं काय ठरवलंस" असे फोन सुरू झालेत अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. एसआयपी, पीएफ, टर्म इन्शुरन्स हे सगळं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय, काम एका बाजूला, पैसा दुसऱ्या बाजूला आणि रविवार तिसऱ्या बाजूला असा विचार आपण करतो ना, तो करताना मी कुठे अडकले ते. अजून पूर्ण सुटले नाहीये, म्हणून सल्ला कमी आणि झालेलं जास्त सांगेन.

मी मिरजेची. घरात कोणी गवई नाही, पण बाबा दरवर्षी आम्हाला दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या संगीत सभेला घेऊन जायचे, रात्री उशिरापर्यंत सतरंजीवर बसून ऐकायचो, झोप आली की आईच्या मांडीवर. सातवीपासून मी गाणं शिकले. पुण्यात नोकरी लागली तेव्हा मिरजेहून दोनच मोठ्या वस्तू आणल्या, एक गादी आणि दुसरा मिरजेतच बनवून घेतलेला तानपुरा. आठवडाभर हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम आणि रविवारी सकाळी सदाशिव पेठेत बाईंकडे क्लास, अशी चार वर्षं गेली आणि ती चांगली गेली. माझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं, गरजच पडली नव्हती.

मग आलं २०२१. रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर, होमलोन ६.८ ला मिळतंय, ऑफिसच्या ग्रुपवर रोज कोणीतरी चावी हातात धरलेला फोटो टाकतंय. इतकं स्वस्त कर्ज परत मिळणार नाही हे मी दिवसातून तीनदा ऐकत होते. मी ठरवून गेले होते पुनावळ्यात वन बीएचके बघायला, त्यासाठी २६ लाखांचं कर्ज लागत होतं, २० वर्षांसाठी हप्ता १९,८४६. बँकेतले सर माझी सॅलरी स्लिप बघून म्हणाले, "मॅडम, तुमची एलिजिबिलिटी चाळीसची आहे, कमी कशाला घेताय?" आणि मला ते कौतुक वाटलं. खरंच. कोणीतरी माझी लायकी चाळीस लाख ठरवली असं वाटलं. आठवड्याभरात टू बीएचके ठरला, ४० लाख कर्ज, हप्ता ३०,५३३, हातात येणारा पगार ६८ हजार. डाऊनपेमेंटला बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातले सहा लाख गेले.

इथे थांबून नीट सांगते, कारण सगळा घोळ इथेच आहे. एलिजिबिलिटी म्हणजे बँकेचं उत्तर, आणि ते बँकेच्याच प्रश्नाचं. तिचा प्रश्न एवढाच असतो की हा माणूस हप्ता बुडवेल का. त्यासाठी ती पगार बघते, आधीची कर्जं बघते, वय बघते, सिबिल म्हणजे आधीची कर्जं वेळेवर फेडल्याचा स्कोअर बघते. क्लासची फी तिच्या हिशोबात नाही. आईचे गुडघे नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पुढची २० वर्षं तुमचा पगार आजच्यापेक्षा खाली कधी येणारच नाही हे तिने गृहीत धरलेलं असतं. म्हणजे तुम्ही एखादं आवडीचं पण कमी पैशाचं काम घ्याल, वर्षभर अर्धवेळ कराल, आईवडिलांजवळ जाऊन राहाल, ही शक्यताच त्या आकड्यात नाही. बँकेचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, ती तिचं काम करत होती. माझा प्रश्न मी विचारायला हवा होता आणि तो असा होता, मला पगार २० हजारांनी कमी करून घ्यावासा वाटला तर हा हप्ता भरता येईल का? एवढा एक प्रश्न. १९,८४६ ला उत्तर हो होतं, ३०,५३३ ला नाही होतं.

आणि तो दिवस आठ महिन्यांत आला. जून २०२२ मध्ये ओळखीतून एका छोट्या टीमकडून विचारणा झाली, मराठी शाळांमधल्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वाचनाचं अॅप बनवत होते, ध्वनी आणि उच्चारांचं टेस्टिंग होतं, म्हणजे माझा कान आणि माझं काम एकाच जागी. पगार ५२ हजार. मी रात्री वहीत मांडलं, ५२ मधून ३०,५३३ गेले, सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजार, घरी ८ हजार, उरतात दहाच्या आसपास आणि त्यात पुण्यात महिना काढायचा. नकार चार ओळींच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये दिला आणि फोन उपडा ठेवून बसून राहिले.

क्लासही सुटायला लागला होता. हप्ता आहे म्हणून अप्रेझल हवं, अप्रेझल हवं म्हणून शनिवार-रविवारच्या रिलीजला मी हात वर करायचे. बाईंना फोन करून सांगायचे की ऑफिसने बोलावलंय. ऑफिसने बोलावलेलं नसायचं, मीच मागून घेतलेलं असायचं. असं आठ वेळा खोटं बोलले, मोजलंय मी. आपल्याला काय मोलाचं आहे हे शोधायला लोक वर्कशॉपला जातात, शंभर शब्दांच्या यादीतून पाच शब्द निवडतात, प्रामाणिकपणा, प्रगती, कुटुंब असं. मला ते पटत नाही. कुठल्या गोष्टीसाठी कोणाशी खोटं बोलावं लागतंय ते बघा, तिथे सापडेल. जिम बुडली म्हणून मी ट्रेनरला कधी खोटं सांगितलं नाही, सरळ कंटाळा आला म्हणाले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये टॅक्सच्या कागदांसाठी लोनचं स्टेटमेंट काढलं. हप्ता तोच, ३०,५३३. त्यात व्याज २८,४२०. मुद्दल २,११३. खाली शिल्लक हप्ते ३७०. मला वाटलं छापायची चूक आहे, कारण मी ११ हप्ते भरले होते आणि २४० मधून ११ गेले की २२९ राहतात. चूक नव्हती. मे ते सप्टेंबर २०२२ मध्ये रेपो ४ वरून ५.९० झाला, माझा दर ६.८ वरून ८.७ झाला, आणि बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती. एक एसएमएस येऊन गेला होता, मी वाचला नव्हता. तेव्हा मी ३१ ची होते, ३७० महिने म्हणजे ६२ व्या वर्षापर्यंत. त्या रात्री कपाटावरचा तानपुरा खाली काढला, गवसणीवर धूळ, आत खर्जाची तार तुटलेली आणि बाकीच्यांना हात लावला तर बोटाला गंज लागला. रडले, दुसरं काय करणार.

आता धीराची गोष्ट, कारण इथपर्यंत वाचून कोणी घाबरलं असेल. हा गुंता सोडवता येतो आणि वाटतो त्यापेक्षा स्वस्तात. मी ब्रँचला जाऊन विचारलं, मूळ मुदत परत हवी असेल तर हप्ता किती? उत्तर आलं ३५,१४०. म्हणजे महिन्याला फक्त ४,६०७ जास्त. दर तोच राहिला असं धरून गुणाकार करा, ३७० गुणिले ३०,५३३ म्हणजे जवळजवळ १ कोटी १३ लाख, २२९ गुणिले ३५,१४० म्हणजे साधारण ८० लाख ४७ हजार. साडेबत्तीस लाखांचा फरक, साडेचार हजारांसाठी! एक अर्ज, एक सही, नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी. नंतर फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० झाला तेव्हा परत गेले आणि हप्ता साडेछत्तीसवर नेला, बोनस आला की थोडा मुद्दलात भरला. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक होमलोनवर आधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही, हे नक्की लक्षात ठेवा, कोणी "चार्जेस लागतील" म्हणालं तर लेखी मागा. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला निवडू द्या. पण निवडायला तुम्ही स्टेटमेंट उघडायला हवं. दर तीन महिन्यांनी उघडा, शिल्लक हप्ते बघा, बस.

जास्तीचे पैसे आणायचे कुठून? मी एक खोली ऑफिसमधल्या मैत्रिणीला नऊ हजारांवर भाड्याने दिली. आई महिनाभर नाराज होती, "आपल्याच घरात भाडेकरू ठेवतात का गं?" पण ती खोली तशीही इस्त्रीच्या कपड्यांची होती.

"टॅक्स वाचतो म्हणून घर घे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्येसुद्धा शंभर रुपये व्याज देऊन तुम्ही तीस-एकतीस वाचवता, ते पण २ लाखांच्या मर्यादेत, आणि नवीन टॅक्स रेजीममध्ये स्वतः राहत असलेल्या घराला तेही नाही. रीलवर फायनान्स शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, तिशीत रिटायर व्हा म्हणणाऱ्याने रविवारी तुम्ही काय करता हे विचारलेलंच नसतं. आणि मेंटॉर. मला ऑफिसने दिलेला मेंटॉर चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढचं प्रमोशन होतं, कारण त्याचं आयुष्य तसंच गेलं होतं. सल्ला विचारायचाच तर ज्याचा मंगळवार तुम्हाला हवासा वाटतो अशा माणसाला विचारा. मी आधी राहायचे तिथल्या, आमच्याच मजल्यावरच्या एका लायब्ररियन काकूंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "कमी पगारावर आधी राहून बघ, मग सोड."

तेच केलं आणि तेच तुम्हाला सांगेन. २०२३ च्या शेवटी माझ्या हातात ८४ हजार येत होते आणि मला हवं तसं काम ६७ च्या आसपास मिळणार हे दिसत होतं. म्हणून पगाराच्याच दिवशी १७ हजार दुसऱ्या बँकेच्या खात्यात, ज्याचं कार्डही मी घेतलं नाही, आणि महिना ६७ वर काढायचा. पहिले दोन महिने वाईट गेले, कॅबचा खर्च आणि ऑनलाईन मागवलेलं जेवण एवढं होतं हे मला माहीतच नव्हतं. चौथ्या महिन्यापासून जमलं. सहा महिन्यांत १ लाख २ हजार साठले, तोच माझा इमर्जन्सी फंडचा पहिला हप्ता. हे जमलं नसतं तर मी नोकरी सोडली नसती, आणि त्यातही कमीपणा नव्हता, निदान कळलं असतं. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेची) पाच वर्षं झाली आहेत का तेवढं सोडण्याआधी बघा आणि पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

२०२४ मध्ये बदलली नोकरी. भाषेच्या शिक्षणाशी संबंधित काम आहे, आवडतं. पण सावध करते, आवडीचं काम रविवार जास्त सहज खातं. जुन्या ऑफिसात नाही म्हणताना मनाला लागायचं नाही, इथे "मुलांसाठी आहे" म्हटलं की नाही म्हणवत नाही. दोन महिन्यांत माझे परत तीन क्लास बुडाले. तेव्हा मी सरळ लिहून कळवलं की रविवारी दुपारी एकपर्यंत फोन बंद असेल. कोणी काही बोललं नाही.

आणि एक, छंदातून कमवा म्हणणाऱ्यांपासून गाणं वाचवा, किंवा तुमचं जे काही असेल ते. ऑनलाईन क्लास काढ, चॅनल काढ असं मला दहा जणांनी सांगितलं. काहींचं त्यावर पोट आहे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण मला एक जागा अशी हवीय जिथे मी कच्ची असले तरी चालतं. क्लासची फी, कोयना एक्सप्रेसचं तिकीट, तानपुऱ्याच्या तारा आणि जवारी (घोडी घासून आवाज नीट करून घेणं) यासाठी मी महिन्याला साडेतीन हजार बाजूला काढते, हप्त्याच्याच दिवशी. उरलं तर गाणं, असं केलं की काही उरत नाही.

बाईंना मी शेवटी खरं सांगितलं, की ऑफिसने कधी बोलावलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला माहिती होतं गं. लाव तानपुरा." तारा नवीन होत्या, सारख्या उतरत होत्या, अर्धा तास लावण्यातच गेला.

राहिलेत ते बाबांचे सहा लाख. बाबा ते परत घ्यायला तयारच नव्हते, "घर तुझंच आहे, पैसे कसले परत देतेस" म्हणायचे. पण ते पैसे त्यांचे आहेत, त्यांना अष्टविनायकाला जायचं होतं आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललंय हे मला मावशीकडून कळलं. आता दर महिन्याच्या पाच तारखेला दहा हजार मिरजेला जातात. साठपैकी एकोणीस झालेत.