ध्यान लागण्याची वाट पाहणं कसं सोडावं

मराठीत झोप लागते, तहान लागते, ठेच लागते, तसंच ध्यान लागतं. यातलं एकही आपण ‘करत’ नाही. झोपेसाठी आपण अंथरूण घालतो, दिवा मालवतो, आडवे होतो; पुढचं झोप बघते. ‘आता लागलीच पाहिजे’ म्हणत डोळे गच्च मिटले, तर रात्रभर कूस बदलावी लागते. मी पहिली दोन वर्षं ध्यानाला असाच बसत होतो. पहाटे कोल्हापुरात रंकाळ्याला चक्कर मारून आलो की बैठक घालायचो, आणि बसल्या क्षणापासून आत चौकशी सुरू: वाटतंय का शांत? अजून नाही? मग कधी?

ही चौकशी कशी थांबवायची हे मला अंबाबाईच्या देवळात कळलं. वर्षातून दोनदा तिथे किरणोत्सव असतो: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. पण क्षितिजावर ढग आले किंवा हवेत धूळ, बाष्प असलं, की किरणं वाटेतच फिकी पडतात. मी गेलो त्या संध्याकाळी ती गाभाऱ्यापर्यंत आलीच नाहीत. लोकांनी तरीही हात जोडले, आरती झाली, सगळे घरी गेले. दार उघडं ठेवणं माणसाच्या हातात असतं, सूर्य ओढून आणणं नाही.

१. बसण्याआधी हवं ते लिहून टाका

एका कागदावर एकच ओळ: आज मला बसून काय मिळायला हवं आहे? खरं लिहा. ‘कालच्यासारखं हलकं वाटावं’, ‘साहेबांवरचा राग जावा’, ‘काहीतरी प्रकाश दिसावा’. लाजू नका, हे सगळ्यांचंच असतं. कागद घडी करून बाजूला ठेवा. अपेक्षा नाहीच असं दाखवत बसलो, तर ती वेश बदलून येते. लिहिली की निदान ओळखीची होते.

२. आपल्या हातातलं तेवढंच ठरवा

जागा, वेळ, मिनिटं. घोंगडीची घडी किंवा साधी खुर्ची, पाठ सरळ, २० मिनिटांचा गजर आणि मोबाईल पालथा. लक्ष नाकपुडीपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. पतंजलींच्या योगसूत्रांत (१.१४) अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी आहेत: दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने. तिन्ही आपल्या बाजूच्या आहेत. काय अनुभव आला पाहिजे, याबद्दल त्या सूत्रात एक अक्षर नाही.

३. वाट पाहणं अंगात कुठे आहे ते शोधा

मला सगळ्यात जास्त उपयोग या पायरीचा झाला. अपेक्षा हा नुसता विचार नसतो, ती अंगात बसते. माझी भुवयांच्या मधे बसायची: मिटल्या डोळ्यांनीही मी समोर काहीतरी न्याहाळत असायचो. कुणाचे खांदे वर चढतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणी श्वास पाहायच्या ऐवजी तो खोल ओढून ‘चांगला’ करायला लागतं. गजर आता वाजेल म्हणून कान टवकारणं हीसुद्धा तीच.

सापडलं की मनात हळूच म्हणा, ‘वाट पाहणं’. बस्स. ‘परत आलीच का ही’ असं म्हणू नका. अपेक्षा नसण्याची अपेक्षा ही सगळ्यात चिवट. तो आवळलेला भाग सैल होतो का हेही तपासू नका. तो तिथे आहे एवढं दोन-तीन श्वास जाणवू द्या आणि नाकपुडीपाशी परत या. एका बैठकीत हे ३० वेळा झालं तरी ती बैठक फुकट गेली नाही. परत येणं हाच सराव.

सैल सोडणं म्हणजे मात्र पेंगणं नव्हे. पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांत सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट आहे. चालत ध्यान करताना त्याने इतका जोर लावला की पायांतून रक्त आलं, आणि हाती काही लागेना म्हणून तो घरी परतायच्या विचारात होता. तो आधी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? आणि फार ढिल्या सोडल्या तर? झोप यायला लागली तर डोळे किंचित उघडा, पाठ पुन्हा उभी करा.

४. चांगल्या दिवसानंतरचा दिवस जपा

वाईट बैठकीपेक्षा सुंदर बैठक जास्त त्रास देते. एखाद्या सकाळी मन पहाटेच्या पंचगंगेसारखं स्थिर होतं, आणि पुढचे आठ दिवस आपण तीच सकाळ शोधत बसतो. हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे. अशा १० दिवसांच्या शिबिरात मौन असतं, दिवसातले सुमारे १० तास बसणं असतं. तिथून आलेला माणूस घरी कुकरच्या शिट्ट्यांत २० मिनिटं बसतो आणि म्हणतो, माझं ध्यान गेलं. गेलं काहीच नाही, मापच चुकीचं लावलं.

म्हणून चांगल्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाच मिनिटं कमी बसा. आणि पहिल्या दहा श्वासांत ‘काल’ हा शब्द मनात आला, की त्यालाही तेच नाव द्या: वाट पाहणं.

५. वहीत गुण देऊ नका

बैठक संपल्यावर सकाळचा कागद उघडा, वाचा, फाडून टाका. जमलं की नाही, हे त्याच्याशी ताडून पाहू नका. वहीत तारीख आणि एक शब्द: ‘बसलो’. तारे, टक्के, ‘छान’, ‘बेकार’ काही नको.

एका ठिकाणी मात्र सोसत बसायचं नाही. बसल्यावर वारंवार घाबरं होत असेल, जुनी दुखरी आठवण अंगावर येत असेल, तर डोळे उघडा, उठा, चार पावलं चाला, घरच्यांशी बोला. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आमच्या शेजारच्या काकूंना मी बसतो हे ठाऊक आहे. दूध घ्यायला दार उघडलं की त्या विचारतात, “काय रे, लागलं का आज ध्यान?” आधी मी लांबलचक सांगायचो. आता म्हणतो, “बसलो होतो, काकू.” “बरं केलंस,” म्हणून त्या पातेलं घेऊन आत जातात.