लिहा आणि क्रिप्टो कमवा: या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो, "दादा, हाईव्हवर लिहिलं की खरंच पैसे मिळतात?" हाईव्ह म्हणजे लेखाला मतं पडली की क्रिप्टो नाण्यांत बक्षीस देणारं लिहिण्याचं संकेतस्थळ. पैसे मिळतात. पण ते येतात कुठून, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

इथेच पहिली चूक होते. हे पैसे जाहिरातदार देत नाही आणि वाचकाच्या खिशातूनही जात नाहीत. स्टीम या तशाच जुन्या संकेतस्थळावर आणि २०२० मध्ये त्यातून फुटून निघालेल्या हाईव्हवर बक्षिसाची नाणी नव्याने पाडली जातात. २०१६ मध्ये स्टीम सुरू झालं तेव्हा नाण्यांची संख्या वर्षाला जवळपास दुप्पट होईल असा हिशेब होता. त्या डिसेंबरात तो वेग वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आणला, पुढे हळूहळू आणखी कमी होईल असा. म्हणजे तुमचं बक्षीस हा बाकीच्यांच्या नाण्यांच्या किमतीतून काढलेला चिमूटभर वाटा. रोज पडणारी नवी नाणी कुणीतरी विकत घेऊन जवळ ठेवली तरच भाव टिकतो. लिहिणारे सगळेच मिळालं की विकायला निघाले, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जानेवारी २०१८ मध्ये सात डॉलरच्या वर गेलेलं स्टीमचं नाणं वर्षअखेरीला अर्ध्या डॉलरच्याही खाली होतं. सगळा बाजारच पडला होता, मान्य. पण उतारात हे नाणं धरून ठेवायला विकणाऱ्यांपाशी कारणच नव्हतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०१८ मध्ये आजीच्या गोधड्यांवर लेख लिहिला, दोन रात्री जागून. मिळाले चार सेंट. त्याच दिवशी एकाने चहाच्या ग्लासचा फोटो टाकला होता, त्याखाली साठ डॉलर. चौकशी केली तर कळलं, भाऊंनी मतं विकत घेतली होती. तेव्हा असे बॉट, म्हणजे आपोआप मत देणारे प्रोग्राम, ढिगाने होते: पैसे पाठवा, बॉट भलंमोठं मत देतो. मीही चाळीस पाठवले. लेखाखाली पन्नास दिसले आणि छाती फुगली. सातव्या दिवशी हिशेब लागला. पंचवीस टक्के मत देणाऱ्यांचे. उरलेल्यातला निम्मा भाग 'पॉवर'मध्ये, म्हणजे मताचं वजन वाढवणाऱ्या गुंतवून ठेवलेल्या नाण्यांत, अडकलेला, तो काढायचा तर तेरा आठवडे हप्त्याहप्त्याने. हातात सुटे पाठवलेल्याच्या निम्मेही आले नाहीत. आणि वाचक? एकच प्रतिक्रिया: "नाइस पोस्ट, फॉलो मी."

माझे पैसे गेले ते सोडा. पहिल्या पानावर विकतच्या मतांचाच माल दिसायला लागला, तर नवा माणूस थांबेल कशाला, आणि नाणं विकत घेईल कशाला? ऑगस्ट २०१९ च्या बदलात मत देणाऱ्याचा वाटा पंचवीसवरून पन्नास टक्के केला आणि नापसंतीची, म्हणजे बक्षीस कमी करणारी, मतं काही प्रमाणात फुकट दिली, तेव्हा कुठे या धंद्याला उतरती कळा लागली. माझी सवय साधी आहे. पूर्ण ताकदीचं मत दोन टक्के शक्ती खातं आणि दिवसाला वीस टक्के भरून येतात, म्हणजे दिवसाला दहा मतं. ती वाचलेल्या लेखांनाच देतो. रोज स्वतःलाच मत देणारे म्हणजे भिशीच्या डब्यातून दरवेळी आपल्याच नावाची चिठ्ठी काढणारे.

सगळी नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, ठेवणं ही तिसरी चूक. ट्रॉन या क्रिप्टोचा संस्थापक जस्टिन सनने फेब्रुवारी २०२० मध्ये स्टीममागची स्टीमिट कंपनी घेतली आणि मार्चमध्ये काही मोठ्या एक्स्चेंजनी ग्राहकांच्या ठेवींच्या जोरावर, स्टीम कोण चालवणार या मतदानात त्याच्या बाजूने मतं टाकून सूत्रं फिरवली. २० मार्चला हाईव्ह वेगळं झालं ते त्यातूनच. नाणी तुमची, मत दुसऱ्याचं.

बाकीच्या चुका पटापट. 'स्टीम डॉलर' हे एका डॉलरच्या आसपास राहावं म्हणून काढलेलं स्टीमचं दुसरं नाणं, पण ते नेहमीच एक डॉलर, असं धरून चालू नका. डिसेंबर २०१७ मध्ये त्याचा भाव दहाच्या वर गेला होता आणि चढत्या भावात घेणारे पोळले. मास्टर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, इथे 'फर्गॉट पासवर्ड'चं बटण नाही. दुसऱ्याचा लेख भाषांतर करून टाकू नका, पकडतात. पहिल्या आठवड्यात कमाई विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं बंद केलंय.

आणि भारतात राहत असाल तर वही ठेवा. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. प्रत्येक बक्षिसाची तारीख आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव मी लगेच लिहून ठेवतो. मार्चअखेरीला सीएसमोर बसून ते आठवत बसण्याचा अनुभव एकदा घेतलाय.